कोरी मशीन

बेचाळीस हजार, चोवीस हजार आणि अठराशे. गेले दोन महिने हे तीन आकडे माझ्या डोक्यात भुंग्यासारखे फिरतायत. कविता सुचत नाही. सुचलीच तर तिच्याखाली मी बेरीज करून ठेवतो. काल रात्री एक कागद सापडला. वर चार ओळी भुकेवरच्या, खाली चोवीस वजा अठराशे.

प्रश्न शिलाई मशीनचा आहे. हसू नका. ज्यांच्या घरात वस्तू आपोआप येतात त्यांना हा प्रश्न वाटायचा नाही. आमच्या घरात कोरी वस्तू अशी आलेलीच नाही. सायकल दुसऱ्याची, कॉट दुसऱ्याची, माझा पहिला शर्ट दुसऱ्याच्या पोराचा. मशीनही दुसऱ्याचीच.

मी बारामतीच्या एमआयडीसीत, कपडे शिवणाऱ्या एका कंपनीत, सिंगल नीडलवर आहे. राहायला इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याच्या बाजूला. सकाळी एस्टीनं जायचं, भवानीनगरच्या उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकत. लोक कंपनी म्हणतात, मी गिरणी म्हणतो. माझा पणजा गिरणीत होता, आजा गिरणीत होता. आता भोंगा नाही, घंटा आहे. मुकादम नाही, सुपरवायझर आहे. मग गिरणी नाही तर काय? दिवसभर मी शर्टाच्या कॉलरी शिवतो. फक्त कॉलरी. पाच वर्षांत एक अख्खा शर्ट मी शिवलेला नाही.

पण मशीन! तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. आमच्यात सगळ्या कारखानी मशिनींना जुकीच म्हणतात, मग ती जपानी असो की चिनी. खरी जपानी जुकी मिनिटाला साडेपाच हजार टाक्यांपर्यंत जाते. मोटार डोक्यातच बसवलेली, पाय ठेवला तरच फिरणार, पाय काढला की गप्प. पूर्वीच्या क्लच मोटारी काम असो-नसो दिवसभर घुमत राहायच्या आणि वीज खायच्या. हिला तेल आपोआप वर चढतं, सुईपाशी बारीक दिवा असतो. आणि भारीतल्या मशिनीला टाच मागं दाबली की खालचा-वरचा दोरा कटकन तुटतो. कात्री नको, हात नको. पहिल्या दिवशी मी टाच दाबली आणि अंगावर काटा आला. माझ्या टाचेचं ऐकणारं जगात काहीतरी आहे, हे मला पहिल्यांदा कळलं.

घरी आलो की आई पायमशीनवर बसलेली. धडाक-धडाक. तिचा गुडघा सुजून नारळाएवढा झालाय. डॉक्टर म्हणाले, पाय मारणं बंद करा. आई म्हणाली, बरं. घरी येऊन पदर खोचला आणि परत बसली.

ही पायमशीन आज्यानं मुंबईहून आणली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांचा संप. तो रीतसर मागं घेतलाच नाही कुणी, नुसती माणसं एकेक करून गावाकडं निघून गेली. आजा आला तेव्हा त्याच्याबरोबर एक ट्रंक, बाबासाहेबांची तसबीर आणि ही काळी मशीन. परळच्या एका शिंप्याला त्यानं पैसे उसने दिले होते, ते फिटेनात म्हणून त्यानं मशीन दिली. म्हणजे ही मशीन आमच्याकडं आली तीच थकलेल्या कर्जापोटी. आज्याला शिवता येत नव्हतं. आजीला येत नव्हतं. बारा-तेरा वर्षं तिच्यावर गोधड्यांचा ढीग होता. मग आई सून होऊन आली, तिनं गोधड्या काढल्या, तेल घातलं, आणि ती चालली.

पणज्याची गोष्ट आज्यानं मला सांगितली होती. पणजा सूत काढायच्या खात्यात होता. विणकर खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला जागा नाही. का? तर कांडीचं सूत संपलं की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. महाराचं तोंड लागलेला धोटा मराठा विणकर कसा तोंडाला लावणार? विटाळ! कापड लाखो लोकांच्या अंगावर जाणार, त्याचं काही नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला, की मागण्यांत आमच्यासाठी विणकर खातं उघडायची मागणी घाला. हे मी नंतर वाचलं. आधी मला ते फक्त पणज्याच्या तोंडाची गोष्ट म्हणून ठाऊक होतं.

म्हणून चांगल्या मशीनबद्दल माझं डोकं सरळ चालत नाही. कुणी म्हणालं की 'तुमच्या कामाला साधी मशीन पुरं', की मला ते साधं वाक्य म्हणून ऐकूच येत नाही.

कापडाचंही तसंच. आमच्या आजीच्या आईनं मढ्यावरचं कापड नेसलं. तो आमचा हक्क म्हणे! बाबासाहेबांनी १९२७ च्या डिसेंबरात महाडला बायांना सांगितलं, लुगडं नेसायची तऱ्हा बदला, फाटकं असलं तरी स्वच्छ ठेवा. १९५६ ला धम्म घेतला आणि मढ्यावरचं कापड आमच्या घरातून कायमचं गेलं. पण गावच्या शिंप्याची सवय गेली नाही. आजी सांगायची, झंपर शिवायचं तर जुनं झंपर उंबऱ्याबाहेर ठेवायचं, तो काठीनं ओढून घ्यायचा आणि डोळ्यांनी माप घ्यायचा. आजीचं नवं झंपर कधी अंगाला नीट बसलं नाही. काखेत कायम घट्ट.

आणि आज आईची वही बघा. दोनशे पानी. आई सातवी शिकलेली. त्या वहीत गावातल्या बायांची मापं. छाती, कंबर, बाहीचा घेर, मागचा गळा किती खोल. वाड्यावरच्या थोरल्या सुनेपासून आमच्या आळीतल्या पोरींपर्यंत सगळ्यांची अंगं त्या वहीत एकाच शाईत लिहिलेली. बाया आमच्या दारात येतात, हात वर करून उभ्या राहतात, आई टेप गुंडाळते. आई दोरा दातानं तोडते. तोंड लागलेला दोरा गावाच्या अंगावर जातो. काही जणी अजून मापाचा ब्लाऊज पोराच्या हाती धाडतात. 'गडबड आहे' म्हणतात. असेल गडबड.

तर हे तीन आकडे. बेचाळीस हजारांना दोरा कापणारी मशीन, मी कंपनीत चालवतो तसली. चोवीस हजारांना तीच, पण दोरा न कापणारी. आणि अठराशेला एक लहान मोटार, काळ्या मशीनच्या मागं बोल्टानं आवळायची, झालं.

माझं मत बेचाळीस हजारांचं होतं. मी आईपुढं मोठं भाषण केलं. आपल्याला कायम उतरलेलं मिळालं, आता एकदा तरी पहिल्या हाताचं घेऊ, सगळ्यात चांगलं घेऊ. पणज्याचा धोटा काढला, महाड काढलं. कविसंमेलनात टाळ्या पडल्या असत्या. आई हूक लावत होती. दात आणि बोटं रिकामी झाल्यावर म्हणाली,

"म्या काय कंपनी काढलीया व्हय रं? एक ब्लाऊज बघ. कापायला पाऊण तास. मशीनवर तास-सव्वा तास. हातशिलाई, हूक, काजं धरून आनिक तास. तुजी मशीन माजा कापायचा येळ कमी करनार हाय का? हूक लावनार हाय का?"

मी गप्प. कारण ते खरं होतं. कॉलरला सरळ लांब शिवण असते, तिथं वेग कामाला येतो. ब्लाऊजात सगळी वळणं. टक्स चार बोटांचा, गळा वाटोळा, बाही मुंड्यात बसवायची. साडेपाच हजार टाक्यांचा वेग तिथं काय चाटायचाय? दोरा कापायची सोय तेवढी उपयोगाची, कारण तुकड्यातुकड्याला दोरा तोडावा लागतो. पण त्या एका सोयीचे अठरा हजार.

आईचा दुसरा मुद्दा तर बिनतोड. जुकी फक्त सरळ टाका घालते. तिच्यावर पिको होत नाही, फॉलची कड होत नाही, ओव्हरलॉक होत नाही. गावात साडी घेतली की आधी फॉल-पिको. आई ते काम दुसरीकडं पाठवते आणि त्यातले वीस रुपये तिच्या वाट्याला येतात. तिचं म्हणणं, काळ्या मशीनला मोटार बसवू आणि एक पिकोची मशीन घेऊ. अकरा हजारांत काम.

बरोबर आहे. हिशेबाला बरोबर आहे. पण मी आमच्या आळीतल्या एका मावशीकडं तशी मोटार लावलेली जुनी मशीन बघितलीय. अंग पायासाठी घडलेलं, त्याला मोटारीचा जोर सोसत नाही. स्टँड थरथरतं, मधेच टाका सुटतो, मावशी शिव्या देते आणि उसवते. आमच्या मशीनची तर बॉबिन केसच झिजलीय. अठराशे घालून म्हातारीला पळवायचं?

लायनीतल्या एका ताईनं तिसरंच सांगितलं. म्हणाली, घरात जुकी आणशील तर घराची कंपनी होईल. आज पीसवर काम आणशील, उद्या आई रात्री बारापर्यंत बसेल. तिच्या घरी झालंय तसं. मशीन दमत नाही ना, मग माणसाला दमल्यासारखं सांगायची लाज वाटते. हे मला झोंबलं. पायमशीनचं एक बरं असतं, पाय दुखला की ती थांबते. आणि लाईट गेली तरी चालते. आमच्याकडं लाईट जाणं काय नवं आहे?

मग सरकारी वाट बघितली. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा नावाची योजना निघाली. अठरा धंदे त्यात आहेत, दर्जी त्यातलाच एक. पंधरा हजारांचं टूलकिट, आणि पहिल्या खेपेला एक लाखापर्यंत कर्ज पाच टक्क्यांनं. यादी वाचताना मला गावगाड्याची आठवण आली. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट. बापाचा धंदा पोरानं करावा अशी ती यादी. आमच्या बापजाद्यांचा शिलाई हा धंदा कधीच नव्हता. आईनं तो गोधड्यांखालून उकरून काढलाय. तरी आईचं नाव घालायला हरकत नाही, पंधरा हजार कुणाच्या बापाचे नाहीत. पण पंधरात साधी मशीन बसते, जुकी बसत नाही. आणि नाव घालून ते हातात पडेपर्यंत गुडघा थांबेल का?

हप्ता नको, हे माझं पक्कं होतं. आमच्या आळीत बचत गटाच्या नावाखाली आठवड्याचा हप्ता चालतो. त्या दिवशी निम्म्या घरांना बाहेरून कडी असते आणि आत माणसं असतात. वाचनालयात एकदा वाचलं, मोठी वस्तू घरात नेऊन हप्त्यानं पैसे फेडायची रीत जगभर पसरली ती शिलाई मशीनमुळंच. १८५० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत सिंगर कंपनीनं गोरगरिबांच्या बायांना मशिनी हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. म्हणजे मशीन आणि हप्ता जुळ्या बहिणी. मला एक हवी होती, दुसरी नको होती.

पैसे माझ्याकडं होते. चौतीस हजार. तीन वर्षांच्या ओव्हरटाईमचे. ते कशाचे हे मी घरात सांगितलं नव्हतं, इथं सांगतो. ते माझ्या कवितेच्या पुस्तकाचे. बारामतीचा एक छापखानेवाला तीनशे प्रती बत्तीस हजारांत करून देणार होता. मोरोपंत बारामतीचेच. त्यांना नाइकांचा आश्रय होता, आर्या लिहीत बसायला वाडा होता. मला नाईक कुठला? माझा नाईक म्हणजे ओव्हरटाईम. अठ्ठावन्न कविता वहीत पडून आहेत. त्यातल्या चार-सहा ह्या पानांवर येऊन गेल्यात, तुम्ही वाचल्या असतील.

मनात मी म्हणायचो, पुस्तक काय, पुढच्या वर्षी. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, साल्या, आईच्या गुडघ्याचं नाव करून तू पुस्तकाला भितोयस. छापलं आणि कुणी वाचलं नाही तर? मशीन घेतली तर निदान त्यागी म्हणून मिरवता येईल. हे खरं की ते खरं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मार्चच्या एका सुट्टीला आईला घेऊन बारामतीला गेलो. दुकान काचेचं. आईनं दारात चप्पल काढली. माझ्या मस्तकात तिडीक गेली. म्हटलं, "राहू दे पायात. हे काय देऊळ आहे का वाडा?" दुकानदारपण म्हणाला, "ताई, चालतंय, या." आई तशीच आत आली. मला म्हणाली, "मशीनवर चप्पल घालून बसत्यात व्हय? पायाला कळाय नको?" मी खाली बघितलं. कंपनीत मीसुद्धा चप्पल काढूनच बसतो. पाच वर्षं. आणि आईच्या अनवाणी पायात मला गुलामी दिसली!

तिनं पिशवीतून आपलं कापड काढलं. १४ एप्रिलचं काम चालू होतं. आमच्याकडं जयंतीला बायका पांढरी साडी, निळा काठ नेसतात, त्याचे ब्लाऊज. दुकानाची चिंधी नको म्हणाली. पाय ठेवला, तसं कापड सुईखालून सुसाट पुढं. आई दचकून मागं सरकली, मग तोंडाला पदर लावून हसली. दुकानदारानं बटण दाबून वेग कमी करून दिला. दुसऱ्यांदा तिनं गळ्याचं वळण घेतलं. पाय जेमतेम टेकलेला. मशीन कुजबुजल्यासारखी चालली. वळण पुरं झाल्यावर आईनं कापड उलटं केलं आणि खालचा टाका बघितला. शिकाऊ माणूस वरचा टाका बघतो. आईनं तो बोटानं चाचपला, नख लावून बघितलं, खिडकीकडं धरलं.

"कितीची ही?"

ती चोवीसवाली होती. दोरा कापणारी शेजारी होती, मी ती दाखवली. आई म्हणाली, "दोऱ्याला दात हायती मला."

मी म्हणालो, रोख देतो. आणि तिथंच फसलो. दुकानाच्या पायरीवर आईनं दंड धरला. "येवढं पैसं कुठनं आलं?" एस्टी स्टँडवर रसाचे दोन ग्लास घेतले आणि सांगून टाकलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. रसातला बर्फ विरघळला. मग म्हणाली,

"कवा छापनार व्हतास?"

"जयंतीला."

"मग मला मशीनचं कशापायी बोल्लास?"

उत्तर नव्हतं. तिनं पिशवीतून ती दोनशे पानी वही काढली, मागच्या पानावर हिशेब केला. जयंतीचे अडतीस ब्लाऊज, दोनशेनं सात हजार सहाशे. त्यात दोरा, अस्तर, हूक वजा. लग्नसराई मेपर्यंत. पुढं पावसाळ्याचे दोन महिने कोरडे. मग गौरी-गणपती. तिनं बोटं मोडत दहा महिने मोजले.

आम्ही परत दुकानात गेलो. ह्या खेपेला आईच बोलली. चार हजार इसार तिनं आपल्या बटव्यातनं काढले, शंभराच्या नोटा. उरलेले वीस दहा महिन्यांत, महिन्याला दोन. दुकानदारानं वर पंधराशे सांगितले, आई हजारावर आली, तो बाराशेवर थांबला. माझे चौतीस हजार माझ्या खिशातच.

एस्टीत मी भांडलो. हप्ता नको म्हटलं होतं ना? बंद दारांची आठवण करून दिली. आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "त्ये हप्तं लग्नाचं आन् दवाखान्याचं. लगीन कमावत न्हाय. मशीन कमावती." मी म्हटलं, गुडघा उभा राहिला नाही तर? गावात दुसरी कुणी बसली शिवायला तर? ती म्हणाली, "मंग तू हायस की." म्हणजे शेवटी ओव्हरटाईम आहेच. जंक्शन गेलं, लासुर्णं आलं, आम्ही उतरलो, भांडण अर्धंच राहिलं. माझी भीती गेलेली नाही. दर महिन्याची पाच तारीख मला आत्तापासून दिसतेय.

छापखानेवाल्याला मी फोन केलाय. जयंतीला आता जमणार नाही म्हणाला, बुद्धपौर्णिमेला बघू.

मशीन मंगळवारी येणार. टेबल चार फूट लांब, पावणेदोन फूट रुंद. दारातून आडवं करून जाईल, मी मोजलंय. खिडकीखाली माझी पुस्तकांची ट्रंक होती, आज्याची, ती आईनं कॉटखाली ढकलली. काळी मशीन दाराशी राहील, लाईट गेल्यावरची. खिडकीजवळचा सॉकेट कसला आहे ते बघ म्हणाली. बघितला. दोन पिनचा आहे. उद्या वायरमनला गाठायचंय.